डाय टाकून सीटी, रिअ‍ॅक्शन आणि त्यानंतरची लढाई: भांडुपच्या एका मावशींची केस

ही केस भांडुपच्या एका मावशींची. वय ६१, शुगर आहे, बीपीची गोळी चालू, बाकी स्वतः बाजारात जाऊन बांगडे निवडून आणणारी बाई. मावशींच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने लिहितेय, पण त्यांचं नाव, सेंटर, हॉस्पिटल यातलं काहीच टाकत नाहीये. मी आमच्या भागातल्या पेशंटना बिलं, रेकॉर्ड, तक्रारी अशा कागदी कामात बरीच वर्षं मदत करते, आणि ही केस सविस्तर लिहायचं कारण म्हणजे डाय टाकून सीटी किंवा इंजेक्शन देऊन एमआरआय आता इतकं रोजचं झालंय की प्रत्येक घरात कोणीतरी केलेलं असतं, पण काही बिघडलं की लोक दोष भलत्याच जागी शोधत बसतात. रिअ‍ॅक्शन आली म्हणजे चूक झाली, असं नसतं. औषध चांगलं, डोस बरोबर, टेक्निशियन हुशार, तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. चूक असलीच तर ती सुई लावायच्या आधी कोणी काय विचारलं त्यात असते, नाहीतर रिअ‍ॅक्शन दिसल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय केलं त्यात असते. मावशींच्या केसमध्ये दोन्हीकडे होती.

झालं असं की पोटात उजवीकडे दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली, लिव्हरवर गाठ दिसली, डॉक्टरांनी ट्रायफेसिक सीटी लिहून दिला. यात आधी साधे फोटो काढतात, मग हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे तोच डाय, पंपाने जोरात सोडतात आणि थोड्या थोड्या वेळाने तीनदा फोटो घेतात, पहिले साधारण अर्ध्या मिनिटाने, पुढचे मिनिट-सव्वा मिनिटाने, शेवटचे काही मिनिटांनी. मुलुंडच्या बाजूचं एक सेंटर, ८,५०० रुपये, सकाळची अपॉइंटमेंट, मुलगा सोबत. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सेंटरने आधीच मागितला होता आणि बघितलाही, हे त्यांनी बरोबर केलं, ते सांगायलाच पाहिजे. कारण किडनी आधीच खूप अधू असेल तर हे कॉन्ट्रास्ट तिला आणखी त्रास देऊ शकतं, आणि शुगरची मेटफॉर्मिन घेणाऱ्याची किडनी फारच कमजोर असेल, म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल, तर ती गोळी ४८ तास बंद ठेवून किडनी परत तपासून मगच चालू करतात. मावशींची किडनी व्यवस्थित होती.

मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, मासे चालतात ना तुम्हाला?" मावशी म्हणाल्या, "मालवणची आहे गं मी, न चालायला काय झालं." झालं, संपली विचारपूस. दोन पानी फॉर्म पुढे आला, सगळा इंग्रजीत, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली, मावशींनी मराठीत सही केली आणि आत गेल्या.

हा माशांचा प्रश्न मुंबईत किती ठिकाणी विचारतात, आणि त्याचा काही उपयोग नाही. कोळंबी, खेकडे यांची अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रोटीनची असते, आयोडीनची नाही, आणि कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन ही त्या औषधाच्या रेणूला असते. मासे खाणारा सेफ आणि न खाणारा डेंजर असं काही नसतं. विचारायचा प्रश्न एकच महत्त्वाचा असतो की याआधी कधी डाय टाकून सीटी, अँजिओग्राफी असं काही झालंय का आणि तेव्हा काही त्रास झाला का. कारण आधी एकदा रिअ‍ॅक्शन आलेली असेल तर परत यायचा धोका साधारण पाचपट होतो. त्यानंतर दमा आहे का, दुसऱ्या कुठल्या औषधाची मोठी अ‍ॅलर्जी आहे का, हे प्रश्न येतात.

आणि मावशींना आधी त्रास झाला होता! चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असाच सीटी केला तेव्हा अंगावर पित्त उठलं होतं, गांध्याच गांध्या, एक इंजेक्शन दिलं, बरं वाटलं, घरी आल्या. "पित्त उठलं" म्हणूनच घरात त्याची आठवण होती, डायची अ‍ॅलर्जी म्हणून नाही. तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं की पुढच्या वेळी हे आवर्जून सांगा. कोणी सरळ मराठीत विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं, कारण ती गोष्ट त्या अजूनही रंगवून सांगतात.

आता पुढचं. इंजेक्शन गेलं, अंगभर गरम वाटलं, तोंडात लोखंडासारखी चव आली, लघवी झाल्यासारखं वाटलं. इथपर्यंत खूप जणांना होतं, घाबरायचं नसतं. पण मग तळहातांना खाज, सटासट शिंका, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आवाज बसला. मावशींनी हात हलवला, टेक्निशियनने स्कॅन थांबवला, त्यांना उठवून चालवत बाहेर आणलं आणि खुर्चीत बसवून पाणी दिलं. शिरेतल्या सुईतून, म्हणजे इंट्राकॅथमधून, अ‍ॅलर्जीचं एव्हिल दिलं, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. रेडिओलॉजिस्ट त्या दिवशी सेंटरवर नव्हते, फोटो ऑनलाइन बघून रिपोर्ट देणार होते, त्यांना फोन लावत बसले, आणि फोन लागेपर्यंत मावशी खुर्चीतून खाली घसरल्या. मुलाने १०८ लावला, तेवढ्यात सेंटरवाल्यांनी ओळखीची प्रायव्हेट अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, एलबीएस रोडच्या दुपारच्या ट्रॅफिकमधून हॉस्पिटल. कॅज्युअल्टीत बीपी ६०/४०. तिथे पहिल्यांदा मांडीत अ‍ॅड्रेनालिन दिलं. श्वासाची नळी, आयसीयू, आणि पाच दिवसांनी मावशी घरी आल्या. बिल १,९२,०००.

इथे जरा थांबून सांगते कारण सगळ्या केसचा जीव इथे आहे. अशा मोठ्या रिअ‍ॅक्शनला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात आणि त्यात पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला ०.३ ते ०.५ मिलिग्राम, गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी परत. पेशंटला आडवं ठेवायचं, पाय वर, ऑक्सिजन, सलाईन जोरात. उठवायचं नाही, चालवायचं तर अजिबातच नाही, कारण बीपी आधीच पडत असतं आणि उभं केलं की हृदयाकडे परत येणारं रक्त आणखी कमी होतं. एव्हिल खाज कमी करतं, हायड्रोकॉर्टिसोनला काम करायला तासन्‌तास लागतात, दोन्हीपैकी एकानेही बंद होत चाललेला घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी वर येत नाही. तरी आपल्याकडे कुठल्याही रिअ‍ॅक्शनला "एव्हिल-हायड्रोकॉर्ट मारा" हा रिवाज इतका पक्का बसलाय की अ‍ॅड्रेनालिनला लोक शेवटचा उपाय समजतात. अ‍ॅड्रेनालिनची अँपूल अगदी स्वस्त मिळते हो. ती ट्रेमध्ये पडून होती की नव्हती हे आजपर्यंत सेंटरने नीट सांगितलेलं नाही, आणि या एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे.

सेंटरचं पहिलं उत्तर होतं, "आम्ही टेस्ट डोस दिला होता, त्याला काही झालं नाही." टेस्ट डोस हे आपल्याकडे ढालीसारखं पुढे करतात. पण कॉन्ट्रास्टचा थोडासा डोस आधी देऊन बघितल्याने पुढच्या पूर्ण डोसला रिअ‍ॅक्शन येणार की नाही ते कळत नाही, टेस्टला काही न होता नंतर मोठी रिअ‍ॅक्शन आल्याच्याही केसेस आहेत आणि नुसत्या टेस्ट डोसनेच मोठी रिअ‍ॅक्शन आल्याच्याही आहेत. त्याने काळजी घेतल्याचं समाधान मिळतं, काळजी घेतली जात नाही.

दुसरं उत्तर होतं, "हे लाखात एकाला होतं, नशीब." अगदी खोटं नाही ते. १९९० मध्ये जपानमधला ३ लाखांहून जास्त पेशंटचा अभ्यास छापून आला होता, त्यात जुन्या आयोनिक कॉन्ट्रास्टला गंभीर रिअ‍ॅक्शन ०.२२ टक्के आणि आत्ता वापरतात त्या नॉन-आयोनिकला ०.०४ टक्के होत्या. म्हणजे दहा हजारात चार. कमीच म्हणायचं, पण लाखात एक नाही, आणि दिवसभर मशीन चालवणाऱ्या सेंटरला कधी ना कधी असा पेशंट येणार हे धरूनच चालायला हवं. शिवाय हा आकडा सगळ्या पेशंटचा, आधी पित्त उठलेल्या मावशींचा धोका त्यापेक्षा वरचा.

मुलगा आणि त्याचे मित्र दुसऱ्याच दिवशी सेंटरवर जायला निघाले होते, "बघूनच घेतो" म्हणत. मी हात जोडून थांबवलं. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, आणि फोडलेल्या वस्तूच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. एक काच फुटली असती की आपण तक्रारदाराचे आरोपी झालो असतो.

त्याऐवजी कागद गोळा केले. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं आणि इनडोअर रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं. मुंबई हायकोर्टाने तर १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा केसमध्ये सांगितलंय की केस पेपर मागितले तर द्यावेच लागतात, गोपनीय आहेत म्हणून अडवता येत नाहीत. हॉस्पिटलने दोन दिवसांत सगळं दिलं. सेंटरने "ओरिजिनल आमच्याकडेच राहतं", "डॉक्टर बाहेरगावी आहेत" असं चालवलं, मग ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र गेलं, त्यात नियम लिहिला, आणि सीसीटीव्ही जपून ठेवा असंही लिहिलं कारण ते फुटेज काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. फुटेज मिळालं नाही ते नाहीच. पण फॉर्मची कॉपी, त्यांची रिअ‍ॅक्शनची नोट आणि स्कॅनची सीडी मिळाली.

सीडी लोक रिपोर्टसोबत घेतात आणि कपाटात टाकतात, तिच्यात काय आहे ते कोणी बघत नाही. कॉम्प्युटरला लावली की फोटो उघडतात आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तो काढल्याची वेळ असते, सेकंदासकट. मावशींचे साधे फोटो ११:३८ चे. इंजेक्शननंतरचे पहिले ११:४६ चे, दुसरे ११:४७ चे. तिसरे नाहीतच, कारण स्कॅन थांबवला. म्हणजे कॉन्ट्रास्ट ११:४६ च्या आसपास गेलं हे मशीननेच लिहून ठेवलेलं, त्यात माणसाच्या आठवणीचा प्रश्न नाही. मशीनचं घड्याळ पुढे-मागे असू शकतं म्हणून मुलाच्या फोनशी ताडून बघितलं, त्याने बहिणीला "आईला आत घेतलं" असा मेसेज ११:३५ ला टाकला होता, जुळत होतं. १०८ चा कॉल ११:५८ ला. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टी पेपरवर आल्याची वेळ १२:२९, अ‍ॅड्रेनालिन १२:३१. हिशोब करा, कॉन्ट्रास्टपासून अ‍ॅड्रेनालिनपर्यंत पाऊण तास.

सेंटरची नोट मात्र म्हणत होती की ११:५० ला सेंटरमध्येच अ‍ॅड्रेनालिन दिलं. सुबक अक्षरात, एका शाईत, खाडाखोड नाही. पण अ‍ॅम्ब्युलन्ससोबत घाईघाईत एक चिठ्ठी दिली होती टेक्निशियनने, कुठली औषधं दिली त्याची, ती हॉस्पिटलच्या फायलीत लागली होती, आणि तिच्यावर फक्त दोन नावं होती, एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन. ही चिठ्ठी सापडली तेव्हा मुलगा काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला तिच्याकडे. तुमच्या कोणावर अशी वेळ आली तर दुसऱ्या हॉस्पिटलचा पहिला कागद, ट्रान्सफरची चिठ्ठी, कॅज्युअल्टीची नोंद, हे आधी मिळवा. ती माणसं घटनेत अडकलेली नसतात आणि तेव्हाच्या तेव्हा लिहितात.

फॉर्मचं पण तसंच. "आधी कॉन्ट्रास्टचा त्रास?" याच्यापुढे "नाही" वर खूण, दमा "नाही", किडनी "नाही", डायबेटिस सुद्धा "नाही"! शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेल्या, त्याची झेरॉक्स त्याच फॉर्मला लावलेली. म्हणजे कोणीतरी वरून खाली सरसकट "नाही" ओढत गेलं होतं. सेंटरचं म्हणणं होतं की पेशंटने सांगितलं म्हणून आम्ही लिहिलं, ते या एका डायबेटिसच्या खुणेने कोसळलं. आणि जुन्या सेंटरच्या चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टच्या खाली पेनाने लिहिलेलं सापडलं की कॉन्ट्रास्टनंतर पित्त उठलं, एव्हिल दिलं. तो रिपोर्ट मावशींच्या पिशवीत त्या दिवशी होता, कोणी उघडला नाही.

संमतीबद्दल सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली निकाल आहे, संमती म्हणजे नुसती सही नाही, उपचार काय आहे, धोके काय, पर्याय काय, हे पेशंटला पुरेसं समजावून मग घेतलेली परवानगी. मावशींना समजेल अशा भाषेत काही सांगितलंच नव्हतं. तरी एक खरं सांगते, फक्त संमतीच्या मुद्द्यावर केस उभी राहिली असती असं मला वाटत नाही, कारण समजावलं असतं तरी बहुतेक त्यांनी सीटी केलाच असता. ताकद होती ती न विचारलेल्या प्रश्नात आणि त्या पाऊण तासात.

आता कुठे जायचं. पोलिसांत जावं असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. पण जेकब मॅथ्यू केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी चालवायला साधा नाही तर घोर निष्काळजीपणा लागतो आणि त्याआधी स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यायला हवं, शक्यतो सरकारी. वेळ जातो, आणि हातात बिलाचा एक पैसा येत नाही. तो रस्ता सोडला.

औषध कंपनीवर? बाटलीचं नाव आणि बॅच नंबर आम्ही मागून घेतला होता, तो घ्यावाच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात कलम ८२ ते ८७ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटी आलीय, माल सदोष असेल किंवा पुरेशी सूचना दिली नसेल तर उत्पादक जबाबदार. पण कॉन्ट्रास्टच्या सोबतच्या कागदावर अ‍ॅलर्जीची, आधीच्या रिअ‍ॅक्शनची सूचना स्पष्ट छापलेली असते, आणि जे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचं आहे त्याची सूचना कंपनीने तज्ज्ञाला दिली असेल तर कंपनी सुटते. इथे कंपनीला ओढण्यात अर्थ नव्हता, उगाच वकिलांची गर्दी झाली असती.

राहिला ग्राहक आयोग. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथे मात्र हा कायदा लागत नाही, मग दिवाणी कोर्ट. मावशींनी ८,५०० भरले होते, पावती होती. आणि गंमत नाही पण महत्त्वाची गोष्ट, २०१९ च्या कायद्यात कुठल्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही किती भरपाई मागता त्यावर नाही, तुम्ही सेवेसाठी किती पैसे भरले त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. भरपाई १० लाख मागितली तरी मावशींची केस जिल्हा आयोगातच, एक रुपया फी न भरता. तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, भांडुपसाठी उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्वेला. मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही, आणि बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे फार कमी बायकांना माहीत असतं. मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही तक्रार कशी लिहायची याचं मार्गदर्शन मिळतं.

तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागेल का? २०१० च्या किशन राव निकालाप्रमाणे प्रत्येक केसमध्ये ते सक्तीचं नाही. पण असलं तर सोनंच. एका रिटायर्ड भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दोन पानं लिहून दिली, त्यात एवढंच होतं की अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये पहिलं औषध कुठलं, किती मिनिटांत, आणि या कागदांवरून ते कधी दिलेलं दिसतं. "सेंटर दोषी आहे" असं एक वाक्य त्यांनी लिहिलं नाही, आणि म्हणूनच ते पत्र इतकं जड पडलं.

तक्रारीत सुद्धा आम्ही "चुकीचं इंजेक्शन दिलं" असं कुठेही म्हटलं नाही. मुलाच्या पहिल्या मसुद्यात ते होतं, मी काढायला लावलं. तसं लिहिलं असतं तर समोरच्या वकिलाने रिअ‍ॅक्शन अटळ होती हे सिद्ध करून केस तिथेच संपवली असती. आम्ही मान्य केलं की रिअ‍ॅक्शन अटळ असू शकते, आणि तीन गोष्टी मांडल्या: आधीचा त्रास विचारला नाही, कॉन्ट्रास्ट देताना जागेवर डॉक्टर नव्हता, अ‍ॅड्रेनालिन वेळेत दिलं नाही.

आयोगाची नोटीस गेल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव मिळतात, त्यापुढे नाही. उत्तर आलं शेवटच्या आठवड्यात, आणि त्याबरोबर समेटाचा निरोप. २०२० च्या मध्यस्थी नियमांप्रमाणे गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची केस आयोग मध्यस्थीला पाठवत नाही, पण दोन्ही बाजू आपापसात ठरवून अटी आयोगासमोर ठेवू शकतात. तसं झालं. हॉस्पिटलचं पूर्ण बिल आणि वर ३ लाख. कमी आहे का? मला कमी वाटलं, मी बोलले तसं. मावशींना पाच वर्षं वांद्र्याला चकरा घालायच्या नव्हत्या आणि तो निर्णय त्यांचा.

सेंटरची एक अट होती की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये आम्ही वेगळी केलेली तक्रार मागे घ्यायची. कौन्सिल भरपाई देत नाही, ती डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी करते, ताकीद देते, रजिस्ट्रेशन काही काळ काढू शकते. मावशी म्हणाल्या, "पैसे नाही दिले तरी चालतील, ती तक्रार राहू दे, उद्या माझ्यासारखी दुसरी येईल तिथे." ती अट निघाली. आणि हे फक्त त्यांचंच म्हणणं नाही, माझंही आहे, कारण नुसत्या स्कॅन सेंटरवर नजर ठेवणारं आपल्याकडे नीट कोणी नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, नर्सिंग होमचा कायदा खाटा असलेल्या जागांचा, सीटी मशीनला लायसन्स लागतं ते किरणांच्या सुरक्षिततेसाठी. ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनालिन आहे का हे बघायला कोण येतं?

एक काम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वतःहून केलं, रिअ‍ॅक्शनची नोंद औषध सुरक्षा कार्यक्रमात पाठवली, पीव्हीपीआय म्हणतात त्याला, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. पेशंट स्वतःही कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. याने भरपाई मिळत नाही, पण कुठल्या औषधाला किती त्रास होतोय हे अशाच नोंदींवरून कळतं.

लिव्हरच्या गाठीचं मात्र अजून बाकी होतं. आता मावशी एमआरआयच्या इंजेक्शनलाही घाबरलेल्या. एमआरआयचं कॉन्ट्रास्ट वेगळं, गॅडोलिनियम, आयोडीनवाल्याला रिअ‍ॅक्शन आली म्हणून याला येईलच असं नाही. त्याचा वेगळा इतिहास आहे. किडनी निकामी झालेल्या पेशंटची कातडी लाकडासारखी कडक होत जाणारा एनएसएफ नावाचा आजार १९९७ पासून अमेरिकेत दिसायला लागला, २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी लागला, २००७ मध्ये तिथल्या एफडीएने ठळक इशारा छापायला लावला, आणि "आम्हाला आधी सावध केलं नाही" म्हणून कंपन्यांवर झालेले दावे २००८ मध्ये ओहायोच्या फेडरल कोर्टात एकत्र आले. तिथे कंपन्यांवर दावे उभे राहिले कारण तक्रार सूचनेबद्दलच होती, मावशींच्या केसमध्ये सूचना होती आणि ती वाचली नाही. नंतर थोडं गॅडोलिनियम चांगल्या किडनीच्या माणसांच्याही मेंदूत राहतं असं दिसलं, २०१७ मध्ये युरोपने काही जुनी लिनिअर प्रकारची, म्हणजे गॅडोलिनियम सैल धरणारी, औषधं थांबवली. किडनी नॉर्मल असताना मॅक्रोसायक्लिक प्रकारचं, म्हणजे गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारं, वापरलं तर एनएसएफचा धोका जवळजवळ नाहीच म्हणावा इतका कमी.

आम्ही रेडिओलॉजिस्टना आधी भेटलो, सगळे कागद दाखवले, मॅक्रोसायक्लिक देणार का विचारलं, त्यांनी हो म्हटलं आणि भूलतज्ज्ञ हजर ठेवून एमआरआय केला. गाठ हिमॅन्जिओमा निघाली, रक्तवाहिन्यांची, कॅन्सर नाही. पुढे आयोडीनचं कॉन्ट्रास्ट खरोखर टाळता न येण्यासारखं झालंच तर काय, तेही त्यांनी लिहून दिलंय: आधी दुसरी तपासणी चालते का बघा, नाहीच तर आधी दिलेलं औषध सोडून दुसरं कॉन्ट्रास्ट निवडा, स्टेरॉइड आधीच्या रात्रीपासून द्या, आणि हे मोठ्या हॉस्पिटलमध्येच करा, तरीही रिअ‍ॅक्शन येणार नाही याची खात्री नाही. मावशींच्या पर्समध्ये आता लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, औषधाचं नाव, तारीख, काय झालं, मराठीत आणि इंग्रजीत.

कौन्सिलकडची तक्रार अजून चालू आहे. डॉक्टरांचं लेखी म्हणणं आलंय, त्यात ११:५० च्या अ‍ॅड्रेनालिनचा उल्लेख परत आहे, आणि त्याला उत्तर म्हणून सीडीवरच्या वेळा, कॅज्युअल्टी पेपर आणि ती टेक्निशियनची चिठ्ठी जोडून द्यायचं काम मी आणि मुलगा सध्या करतोय.